यूझर जागेवर नाही

"नमस्कार, हेल्पडेस्क, मी तुषार बोलतोय. आपल्याला काय मदत करू?"

"सर, माझा आवाज येतोय ना? मी रुक्साना तांबोळी, भूम सेंटरवरून. आमचा स्टिकरचा प्रिंटर येड्यासारखा करायलाय."

सोमवारचे सकाळचे दहा वाजले होते आणि हा माझा एकोणिसावा फोन होता. मी हेडसेट सावरला.

"येड्यासारखा म्हणजे नक्की काय?"

"आता बघा. मी तीन-तीन पेशंटची नावं एकदम टाकते, म्हणजे लाइन लवकर सरकते. त्याच क्रमानं स्टिकरं बाहेर यायला पाहिजेत. ती काढायची आन् रक्ताच्या ट्यूबला लावायची. दहा-बारा वेळा नीट येतात, आन् मधीच दोन मागं-पुढं होतात. ह्याच्या जागी त्याचं, त्याच्या जागी ह्याचं."

"प्रिंटर बंद करून चालू केला का?"

"केला. तुम्ही तेच सांगणार म्हणून आधीच दोनदा केला."

माझ्या पलीकडे बसणाऱ्या मुलीलाही तिचा आवाज ऐकू गेला असावा, कारण ती हसली. मीही हसलो.

"मग सध्या कसं चालवताय?"

"एकेक स्टिकर डोळ्यांपुढं धरून वाचते, पेशंटला नाव विचारते, मगच लावते. लाइन दारापर्यंत जातीय, लोक वरडायलेत. पण काय करणार? रक्ताचं काम आहे, लग्नातल्या आहेराची पाकिटं थोडीच आहेत?"

मी तक्रार नोंदवली, नंबर दिला आणि परत फोन करतो म्हणालो.

"ह्याच नंबरवर करा. मोबाइल पेशंटसमोर वापरायचा नाही असा नियम आहे आम्हाला. फक्त दीड ते अडीच करू नका. तेव्हा मी सँपलची पेटी घेऊन स्टँडवर जाते, सोलापूरच्या एस्टीत कंडक्टरच्या ताब्यात देते. इथं मी एकटीच आहे ना. बाकी सकाळी सात ते संध्याकाळी सहा कधीबी करा, मी इथंच."

"दीड ते अडीच नाही," मी म्हणालो आणि समोरच्या पॅडवर तसं लिहून घेतलं.

ह्या गोष्टीला आता चौदा वर्षं होतील. मी श्रीगोंद्याचा. बी.एस्सी. होऊन दोन वर्षं घरी बसलो होतो आणि आमच्या वडिलांनी भेटेल त्याला 'पोरगा परीक्षा देतोय' असं सांगून माझी मूठ झाकलेली ठेवली होती. मग हडपसरला एका कंपनीत चिकटलो. ही कंपनी दुसऱ्या कंपन्यांचे फोन घ्यायची. आमच्या टीमकडे एका लॅब कंपनीचं काम होतं. तालुक्याच्या गावांतून तिची रक्त घेण्याची सेंटरं होती. तिथला कॉम्प्युटर अडला की फोन आमच्याकडे. लोकांना वाटायचं आम्ही कॉम्प्युटर इंजिनिअर. आम्हाला पासवर्ड बदलून देता यायचा, प्रिंटर बंद-चालू करायला सांगता यायचं, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर तक्रार वरच्या टीमकडे पाठवता यायची. प्रत्येक तक्रारीला तिकीट म्हणायचे आणि ते एका दिवसात बंद व्हावं लागायचं. शंभरातली पंच्याण्णव तिकिटं वेळेत बंद केली तरच सहा महिन्यांनी माणूस कायम. माझा पाचवा महिना चालू होता आणि आकडा त्र्याण्णववर अडकला होता. भिंतीवरच्या पडद्यावर आमची नावं आकड्यांसकट दिवसभर झळकायची. माझं लाल रंगात होतं.

भूमचं तिकीट मी लगेच वरच्या टीमकडे ढकललं. संध्याकाळी ते परत आलं. खाली लिहिलं होतं, यूझरला फोन करा, इथूनच नेटवरून तिच्या कॉम्प्युटरवर जा, स्टिकर चुकताना पडद्याचा फोटो काढा, मग पाठवा.

म्हणजे दहा-बारा वेळा नीट येणारं स्टिकर चुकेपर्यंत तिच्या कॉम्प्युटरवर डोळे लावून बसायचं. एक तास तरी गेलाच. त्या एका तासात माझे पंधरा फोन दुसऱ्यांकडे गेले असते आणि आकडा आणखी खाली.

आमचा टीम लीडर सुहास सर. माणूस वाईट नव्हता. उलट डब्यात रोज दोन भाकऱ्या जास्तीच्या आणायचा, मेसचं खाणाऱ्यांसाठी. त्यानं माझा पडदा पाहिला आणि खुर्ची ओढून बसला.

"हे भूमचं तिकीट उद्या सकाळी दहापर्यंतच आहे ना?"

"हो. पण फोटो काढत बसलो तर माझी सकाळ जाते."

"वेळ वाढवून घे. तिकिटावर 'यूझरच्या प्रतीक्षेत' असा शेरा मार, दुपारपर्यंत मिळेल. आणि दुपारी तीन फोन कर. तीनदा उचलला नाही तर तिकीट बंद करायचा आपल्याला अधिकार आहे. नियमच आहे तो."

"पण ती उचलेल, सर."

"उचलेल अशा वेळी कशाला करतोस?"

एवढं बोलून तो थांबला नाही. बँक असेल तर जेवणाची सुट्टी, गोदाम असेल तर पाळी बदलण्याची वेळ, शाळा असेल तर प्रार्थना. सगळे असंच करतात, म्हणाला. अडचण खरी असली तर यूझर पुन्हा फोन करतोच. मग नवं तिकीट, नवा दिवस. कोणाचं काय बिघडतं? मला ते पटलं. पटवून घ्यायचंच होतं, म्हणून लगेच पटलं.

मंगळवारी मी पॅडवरची नोंद पाहिली आणि एक चाळीसला पहिला फोन लावला. पूर्ण वाजू दिला. एक पन्नासला दुसरा. दोनला तिसरा. मग टाइप केलं: 'यूझर जागेवर नाही. तीन प्रयत्न केले.' तिकीट बंद केलं आणि जेवायला गेलो. मटकीची उसळ होती, चांगली झाली होती.

रुक्सानाचा पुन्हा फोन आला नाही. बुधवारी नाही, गुरुवारी नाही. मी दोन-तीनदा मनात म्हणालो, बघा, आपोआप सुरळीत झालं असणार. शनिवारपर्यंत माझं नाव हिरवं झालं.

पुढच्या शुक्रवारी सुहास सरनं मला काचेच्या खोलीत बोलावलं. त्याच्या हातात छापील कागद होते, आणि आमच्याकडे काही छापलं गेलं की भानगड मोठी आहे असं समजायचं.

"भूमला राडा झालाय. हुंबे नावाचे एक गृहस्थ आहेत. थकवा येतो, तहान लागते म्हणून रक्त तपासलं. साखर नॉर्मल आली. खूश झाले, रविवारी पुतणीच्या लग्नात पोटभर जिलेबी खाल्ली. सोमवारी पडले. बार्शीला नेलं तर साखर पाचशेच्या घरात. तीन दिवस आयसीयूत होते. वाचले, काल घरी सोडलं."

"आणि तो रिपोर्ट?"

"दुसऱ्या एका मुलीचा. स्टिकर बदललं होतं. त्या मुलीच्या रिपोर्टमध्ये ह्यांची साखर. तिचं लग्न ठरलेलं, तिच्या घरात वेगळाच गोंधळ." त्यानं कागद टेबलावर ठेवले. "सोमवारी मीटिंग आहे. सेंटरवरची ती बाई म्हणते, मी हेल्पडेस्कला कळवलं होतं. आपल्याकडे तीन प्रयत्नांची नोंद आहे. आपण स्वच्छ आहोत. तू फक्त विचारतील तेवढंच बोल."

"आणि तिचं काय?"

"तिला काढतायत. ठरल्यातच जमा आहे. मीटिंग नावापुरती."

शनिवार-रविवार कसे गेले ते सांगण्यात अर्थ नाही. मला काळजी होती, आणि खरं सांगायचं तर ती निम्मी तिच्यासाठी होती, निम्मी माझ्यासाठी.

सोमवारी अकराला टेबलाच्या मधोमध स्पीकरफोन ठेवून आम्ही दोघं बसलो. दुसऱ्या टोकाला मुंबईहून लॅबच्या राजाध्यक्ष मॅडम, आणि तिसऱ्या टोकाला भूम.

"रुक्साना, तुम्ही सोमवारी तक्रार केलीत," राजाध्यक्ष मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज चढा नव्हता. यादी वाचावी तसं वाचत होत्या. "मंगळवारी हेल्पडेस्कनं तीन फोन केले. तुम्ही जागेवर नव्हता."

"मी जागा सोडत नाही मॅडम. पण त्यांच्याकडं लिहिलंय म्हणता, तर नसंन."

"प्रिंटर चुकतोय हे तुम्हाला माहीत होतं. मग त्याच आठवड्यात शुक्रवारी हुंबेंचं स्टिकर तपासलं का नाही?"

"मंगळवारपर्यंत एकूण एक तपासलं. दुपारी मेल आला, मग सोडलं."

"कसला मेल?"

"हेल्पडेस्कचा. थांबा, वाचते." कागदाची सळसळ झाली. ती एकेक शब्द सुटा करून वाचू लागली. "डियर यूझर. युवर इश्यू हॅज बीन रिझॉल्व्ड. थँक यू. मी आमच्या भाच्याला दाखवला. तो म्हणला, अडचण दूर झाली असं लिहिलंय. मला वाटलं, तिकडूनच दुरुस्त केलं. तुम्ही लोक तिकडूनच तर करता सगळं. दोन दिवस स्टिकरं नीटबी आली. मग मी पहिल्यासारखी भराभर लावायला लागले, लोक खोळंबले होते."

सुहास सरनं माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाकडे पाहिलं. तिकीट बंद झालं की यूझरला आपोआप मेल जायचा. दुरुस्ती होऊन बंद झालं काय आणि फोन उचलला नाही म्हणून बंद झालं काय, मजकूर तोच. असे मेल मी पाच महिन्यांत हजारावर धाडले असतील आणि त्यातला एकही वाचला नव्हता. ती पुन्हा फोन का करत नव्हती, ते मला तिथं, त्या खुर्चीत कळलं.

"तुषार," राजाध्यक्ष मॅडम म्हणाल्या, "फोन किती वाजता केले होते?"

"एक चाळीस, एक पन्नास आणि दोन."

"रुक्साना, तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"दीडनंतर? स्टँडवर. पेटी द्यायला. रोजच जाते मॅडम, तसं मी सरांना सांगितलं होतं की."

सुहास सरनं हात पुढे करून आमचा आवाज बंद करायचं बटण दाबलं. "आठवत नाही म्हण," तो हळू आवाजात म्हणाला. "रेकॉर्डिंग त्यांनी मागितलेलं नाही." आणि बटण सोडलं.

"तुषार? तिनं सांगितलं होतं?"

"हो," मी म्हणालो. "सांगितलं होतं. माझ्या लक्षात राहिलं नाही."

मग राजाध्यक्ष मॅडम म्हणाल्या की अशा परिस्थितीत सेंटरला एकट्याला दोषी धरता येणार नाही. रुक्सानाला लेखी ताकीद, मला लेखी ताकीद, आणि त्या मेलचा मजकूर बदलायचा. वीस मिनिटांत सगळं आटोपलं. तिची नोकरी वाचली. बाहेर आल्यावर सुहास सरनं माझ्या पाठीवर थाप मारली.

"मी घाबरलो होतो, पण छान निभावलंस. विसरला म्हणून कोणी कोणाला काढत नाही."

मला हायसं वाटलं. तिलाही वाचवलं आणि स्वतःलाही, असं म्हणत मी त्या दिवशी दोन चहा जास्त प्यायलो.

बुधवारी दुपारी चार वाजता पलीकडची मुलगी म्हणाली, "तुषार, एक बाई तूच पाहिजेस म्हणून अडून बसलीय. तिसऱ्यांदा फोन करतेय." मी घेतला. आभार मानायला केला असेल, असं मला वाटलं होतं. माणूस स्वतःला किती पटकन मोठेपणा देतो!

"सर, मी रुक्साना. तक्रार नाही. एक विचारायचं होतं."

"विचारा ना."

"त्या दिवशी मी दीड ते अडीच म्हणलं, तर तुम्ही ते परत म्हणून दाखवलं. लिहून घेतल्यासारखं."

"हो."

"मग पहिला फोन एक चाळीसला, दुसरा एक पन्नासला, तिसरा दोनला. दोन रात्री मला हेच डोक्यात येतंय. विसरलेला माणूस एखादा तरी फोन अकराला करील ना सर?"

आमचे सगळे फोन रेकॉर्ड व्हायचे. हे वाक्य आम्हीच दिवसभर लोकांना ऐकवायचो.

"मुद्दाम केले ना?"

मला खोटं बोलता आलं असतं. ती काय करणार होती? पण तिच्या आवाजात राग नव्हता. तिला फक्त हिशोब जुळवायचा होता, आणि तो माझ्याशिवाय जुळत नव्हता.

"हो," मी म्हणालो. "मुद्दाम केले. तुम्ही उचलू नये म्हणून."

"बरं." तिकडे कोणीतरी खोकलं, ती त्याला 'बसा जरा' म्हणाली आणि पुन्हा फोनवर आली. "हुंबे काका दवाखान्यातून आले त्याच दिवशी मी त्यांच्याकडं गेले होते. हात जोडून म्हणलं, माझ्या हातनं झालं. काकूंनी मला उंबऱ्याच्या बाहेरच उभं केलं. दहा लोकांसमोर बोलल्या. मी ऐकून घेतलं, माझीच चूक समजत होते ना. माझी नोकरी ऱ्हायली सर, पण गाव लहान आहे. बाया आता रक्त द्यायला आल्या की आधी माझ्या हाताकडं बघतात."

"मी काय करू?"

"येऊन सांगा त्यांना. फोनवर नाही. इथं येऊन."

"रविवारी येतो."

"मारवाडी गल्लीच्या तोंडाला हुंबेंची पिठाची गिरणी आहे. कुणीबी सांगंल," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

तो फोन रेकॉर्ड झाला. कोणीही तो ऐकला नाही. पुढच्या महिनाअखेरीला मला कायम केल्याचं पत्र मिळालं आणि वडिलांनी पेढे वाटले. पण हे नंतरचं.

रविवारी मी पहाटेची एस्टी धरून बार्शीला उतरलो आणि दुसऱ्या गाडीनं भूमला पोचलो. वाटेत दोनदा वाटलं, परत फिरावं. भीती मारहाणीची नव्हती. काय म्हणून सांगायचं, हेच जुळत नव्हतं. गिरणी सापडायला दोन मिनिटं लागली. गिरणी चालू होती. हुंबे स्टुलावर बसून दळण बघत होते. अंगातला सदरा दोन माणसं मावतील एवढा सैल झालेला. त्यांच्या बायको दाराशी डबे ओळीनं लावत होत्या. मी नाव सांगितलं, कुठून आलो ते सांगितलं. गिरणीच्या आवाजात त्यांना नीट ऐकू येईना. त्यांनी उठून बटण बंद केलं. पट्टा थांबायला थोडा वेळ लागला.

मग मी सगळं सांगितलं. सोमवारचा फोन, दीड ते अडीच, तीन फोन, मेल. काही गाळलं नाही.

हुंबेंनी अंगावरचं पीठ झटकलं. "म्हणजे तुम्ही ते यंत्र दुरुस्त करणारे?"

"नाही. दुरुस्त करणारे वेगळे. मी त्यांना कळवणारा."

"म्हणजे तुम्हाला नुसतं कळवायचं होतं."

"हो."

"आन् तेबी नाही कळवलं."

"नाही."

त्यांनी डब्यांच्या ओळीकडे पाहिलं. "माझ्याकडंबी डबे बदलतात. हिची ज्वारी तिच्या डब्यात. माणसाच्या हातनं व्हायचंच. पण बाई दारात येऊन म्हणली, हे पीठ माझं नाही, तर मी आधी गिरणी बंद करतो. जेवायची वेळ असली तरी बंद करतो."

ते पुन्हा स्टुलावर बसले. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांच्या बायको दाराशी उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. त्यांनी हातातला डबा खाली ठेवला, पदरानं हात पुसले आणि पायांत चपला घातल्या.

"चला," त्या मला म्हणाल्या.

"कुठं?"

"मी त्या पोरीला दहा लोकांत बोलले. चला."

त्या पुढे आणि मी मागे. बाजारपेठेतून गेलो, एका मशिदीच्या बाजूनं वळलो. ओट्यांवर बसलेली माणसं बघत होती. दोन बायकांनी 'काकू, कुठं?' असं विचारलं, तर त्या थांबून मोठ्यानं म्हणाल्या, "रुक्सानाकडं. तिची काही चूक नव्हती." हे त्यांनी चार ठिकाणी केलं. प्रत्येक वेळी लोक तिथून माझ्याकडे बघायचे आणि मी मान खाली घालून उभा राहायचो.

निळ्या दाराच्या एका लहान घरापुढे त्या थांबल्या, कडी वाजवली. दार उघडलं ते तिशीतल्या एका ठेंगण्या बाईनं. कोपरापर्यंत हात पिठाचे, कणीक मळता मळता उठून आलेली. तिनं आधी काकूंकडे पाहिलं, आणि ती कावरीबावरी झाली.

"काकू? काकांना बरं आहे ना?"

"बरं आहे. मी चुकले बाई," काकू म्हणाल्या. "हे बघ, ह्यांना घेऊन आले. फोनवाले आहेत ते."

रुक्सानानं माझ्याकडे पाहिलं. मी नमस्कार केला. तिनं मला वरपासून खालपर्यंत नीट पाहून घेतलं. मग काकूंचा हात धरला, "आत या ना काकू, दारात कशाला," म्हणत त्यांना आत घेतलं, बसायला दिलं. आतून स्टोव्हचा आवाज आला, कपांचा आला. दोघी हळूहळू बोलायला लागल्या, मग एकदा रुक्साना रडल्याचंही ऐकू आलं.

दार उघडंच होतं. मला कोणी जा म्हटलं नाही आणि या म्हटलं नाही. मी उंबऱ्याच्या बाहेर, उन्हात, तसाच उभा राहिलो.